वडिलांची पाकिटे आणि रोलंड हिल

प्रश्न : माझे वडील सांगली जिल्ह्यात सब-पोस्टमास्तर होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या ट्रंकेत बुटांच्या खोक्यात भरून ठेवलेली तिकिटे निघाली. त्यांतील बरीचशी रोलंड हिल या एकाच इंग्रज गृहस्थावरची, निरनिराळ्या देशांची आणि १९७९ सालची आहेत. त्याशिवाय घरी आलेल्या पत्रांची शे-दीडशे जुनी पाकिटे आहेत. वडिलांच्या आठवणीसाठी टपालाच्या इतिहासातील माणसांवरच्या स्मारक तिकिटांचा संग्रह करावा, असे मनात आहे. एक विक्रेता रोलंड हिलच्या दोनशे तिकिटांचा तयार संच देऊ करतो आहे. तो घ्यावा का? ‘पेनी ब्लॅक’ हे जगातले पहिले टपाल तिकीट नसेल तर असा संग्रह अपुरा ठरतो का? पाकिटांवरची तिकिटे भिजवून सोडवावीत का? माझी मुलगी सातवीत आहे. तिला यात कसे सामील करून घ्यावे?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तेथे घाई झाली तर नुकसान भरून येणार नाही. पाकिटांवरची तिकिटे भिजवू नका, कापू नका, आणि फाटक्या कडा सरळ करण्याच्या मोहाने पाकिटांना कात्रीही लावू नका. सुटे तिकीट आज ना उद्या पुन्हा मिळते. परंतु अमुक तारखेला अमुक गावाहून निघून तुमच्या वडिलांच्या हाती पोचलेले पाकीट जगात एकच असते. पुढच्या बाजूस तिकीट आणि रवानगीचा शिक्का, मागच्या बाजूस पोचल्याचा शिक्का, कोठे ‘नॉटपेड’ची (पैसे घेणाऱ्याकडून वसूल करायचे असल्याची) खूण, कोठे पत्ता अपुरा असल्याचा शेरा, कोठे घाईत पेन्सिलीने लिहिलेला वसुलीचा आकडा, या सगळ्यांवरून त्या पत्राचा प्रवास वाचता येतो. मी कॉलेजात असताना आमच्या घरातील साठेक जुनी पाकिटे एका रविवारी परातीत भिजवली, तिकिटे वर्तमानपत्रावर वाळवली आणि राहिलेला कागद बंबात घातला. त्या पाकिटांमध्ये आजोबांच्या धाकट्या भावाने फाळणीपूर्वी कराचीहून पाठवलेली चार पाकिटे होती, हे पुष्कळ वर्षांनी आजीच्या बोलण्यातून कळले. ती तिकिटे अगदीच सामान्य होती आणि आज माझ्या संग्रहात त्यांतील एकही उरलेले नाही.

आता तयार संचाविषयी. तो घेऊ नका. ब्रिटनच्या टपाल दरात सुधारणा घडवणारा रोलंड हिल २७ ऑगस्ट १८७९ रोजी वारला आणि १९७९ मध्ये त्याच्या मृत्युशताब्दीच्या निमित्ताने जगभरातील टपाल खात्यांनी तिकिटे काढली. त्यांतील काही मनापासूनची होती. परंतु काही लहान देशांनी तिकिटे छापून विकण्याचे काम परदेशी एजन्सींकडे सोपवले होते आणि त्यांनी संग्राहकांचा खिसा डोळ्यांपुढे ठेवून चकचकीत संच, मिनिएचर शीट (एक-दोन तिकिटांचे शोभेचे लहान ताव) आणि बिनछिद्रांच्या आवृत्त्या काढल्या. त्यांपैकी कित्येक तिकिटे ज्या देशाचे नाव मिरवतात, त्या देशात कोणत्याही पत्रावर कधी लागली नसतील. ती ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. तिकीट उलटे करून पाहा. पुढे कोपऱ्यात रेखीव, पाव वर्तुळाएवढा शिक्का आणि मागे मूळचा डिंक जसाच्या तसा असेल, तर ते पत्रावर कधीच गेलेले नाही, विक्रीसाठीच शिक्का मारून दिलेले आहे. वडिलांच्या खोक्यात अशी तिकिटे निघाली तर ती काढून टाकू नका, कारण ती त्यांनी हौसेने जमवली होती आणि या संग्रहाला तेवढे कारण पुरेसे आहे. मात्र त्यांत नवी भर घालण्यासाठी एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग संग्रह कशाचा करावा? माझा सल्ला असा की, ‘या तिकिटावर कोणाचे चित्र आहे’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा आणि ‘या माणसामुळे पत्राच्या प्रवासात काय बदलले’ हा पहिला प्रश्न करावा. पत्राचे पैसे कोणी द्यायचे, किती द्यायचे, सरहद्द ओलांडताना काय व्हायचे, पत्र पाठीवर जायचे की विमानाने, पत्ता कसा वाचायचा, या एकेका प्रश्नाला कोणीतरी उत्तर दिले आहे, आणि त्या उत्तरावर बहुधा कोणत्या ना कोणत्या देशाने तिकीट काढले आहे. संग्रहाची पाने या प्रश्नांच्या क्रमाने लावलीत, तर वीस तिकिटांतही टपालाचा इतिहास नीट मांडता येईल. तोच चेहरा दोनशे वेळा पाहून तो कळत नाही.

पहिले पान अर्थात हिलचेच असावे. हा मनुष्य टपाल खात्यातला नव्हता, शिक्षक होता. त्या काळी ब्रिटनमध्ये पत्राचे शुल्क कागदांची संख्या आणि अंतर पाहून ठरत असे आणि ते बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल केले जाई. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचे तर बहुतेक सगळीच पत्रे नॉटपेड. घेणाऱ्याने नकार दिला की खात्याची सारी मेहनत फुकट. पाकिटावरच्या खुणेतून खुशाली समजून घेऊन पत्र परत करणाऱ्या स्त्रीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती मुळात कोलरिज या कवीच्या नावाने सांगितली जात असे आणि पुढे हिलच्या नावावर चिकटली, म्हणून संग्रहाच्या पानावर ती हिलची आठवण म्हणून लिहू नका. हिलचे खरे कर्तृत्व हिशेबातले आहे. १८३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत त्याने मांडले की, लंडनहून एडिंबरोला एक पत्र प्रत्यक्ष वाहून नेण्याचा खर्च एका पेनीच्या छत्तिसाव्या भागाएवढाच येतो. खरा पैसा जातो तो प्रत्येक पत्राचे अंतर आणि कागद मोजण्यात, नोंदी ठेवण्यात आणि दारोदार वसुली करण्यात. तेव्हा अंतर विसरा, वजनावर एकच दर ठेवा आणि पैसे आधी घ्या. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाच्या पत्राला देशभर एक पेनी हा दर लागू झाला, आणि पैसे आधी घेतल्याची खूण म्हणून त्याच वर्षी मे महिन्यात तिकीट आले. तिकीट हे त्या सुधारणेचे केवळ साधन होते, ही गोष्ट आपण तिकीट जमवणारे फार लवकर विसरतो. इतके करूनही १८४२ मध्ये त्याला कामावरून दूर करण्यात आले आणि तो टपालाच्या कामात परतला तो १८४६ मध्ये.

हिलसाठी मी एकच संच सुचवीन. ब्रिटनने त्याच्या मृत्युशताब्दीनिमित्त २२ ऑगस्ट १९७९ रोजी काढलेला चार तिकिटांचा संच घ्या. त्याच्या एका तिकिटावर हिल आहे, दोन तिकिटांवर १८३९ च्या सुमाराचे पोस्टमन आहेत आणि चौथ्या तिकिटावर १८४० मधील एक बाई आणि एक लहान मुलगी हातांत पत्रे घेऊन उभ्या आहेत. सुधारक, पत्र पोचवणारे आणि पत्र लिहिणारी सामान्य माणसे असे तिन्ही पक्ष एकाच संचात येतात. हा संच मोठ्या प्रमाणावर छापला गेला असल्याने आजही स्वस्तात मिळतो. वडिलांच्या खोक्यात तो आधीच असण्याचा बराच संभव आहे; नवीन काही घेण्यापूर्वी तेथे शोधा.

पेनी ब्लॅकवाचून तुमचा संग्रह अपुरा राहणार नाही. अनेकांना ते तिकीट अतिदुर्मीळ वाटते, परंतु त्याच्या सहा कोटी ऐंशी लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या होत्या आणि वापरलेल्या प्रती बाजारात सतत येत असतात. किमतीतला मोठा फरक अवस्थेमुळे पडतो. त्या तिकिटांना छिद्रे नव्हती. २४० तिकिटांच्या तावातून ती कात्रीने कापून द्यावी लागत, आणि घाईच्या वेळी कारकुनाची कात्री चित्रावरून गेली तर आज त्या प्रतीचे मोल उतरते. चारही बाजूंना स्वच्छ पांढरी किनार असलेली प्रत महाग पडते. पुढे कधी घ्यावीशी वाटलीच, तर तज्ज्ञांच्या प्रमाणपत्रासह घ्यावी आणि खालच्या कोपऱ्यांतील दोन अक्षरे नीट पाहावीत. ती अक्षरे ते तिकीट तावातील कितव्या ओळीत आणि ओळीत कितव्या जागी होते हे सांगतात. तोवर पेनी ब्लॅकचे चित्र असलेले एखादे स्मारक तिकीट त्या जागी लावावे. ‘तिकिटावरचे तिकीट’ हा मान्य आणि जुना प्रकार आहे. त्यात कमीपणा काही नाही.

ही युक्ती आपल्याकडच्या पानासाठी तर अधिकच उपयोगी पडते. १ जुलै १८५२ रोजी सिंध प्रांतात बार्टल फ्रिअर या कमिशनरने ‘सिंद डाक’ ही अर्ध्या आण्याची तिकिटे सुरू केली. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता. हाच फ्रिअर १८६२ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला. कागदावर ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह उठावाने उमटवलेली ही तिकिटे प्रथम लाखेसारख्या लाल, नंतर पांढऱ्या आणि शेवटी निळ्या रंगात निघाली. १८५४ मध्ये साऱ्या हिंदुस्थानासाठी तिकिटे येताच ती मागे घेण्यात आली. अस्सल सिंद डाक आपल्या आवाक्याबाहेरची आहे आणि तिच्या नकला उदंड आहेत, म्हणून कोणी ‘जुन्या संग्रहातून निघाली’ असे सांगून स्वस्तात देऊ लागला, तर हात जोडून नको म्हणावे. तिच्याऐवजी पाकिस्तानने १४ ऑगस्ट १९५२ रोजी, सिंद डाकेच्या शताब्दीनिमित्त काढलेली तीन आणि बारा आण्यांची दोन तिकिटे घ्या.

त्याला जोडून १८५४ चे पान करा. तोपर्यंत आपल्याकडेही शुल्क अंतरावर होते; १८३७ च्या कायद्यानुसार कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे पत्र पाठवायला एक रुपया पडत असे. ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या तालुक्याला जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला, असा दर झाला. त्या वेळची तिकिटे कलकत्त्याच्या सर्वेक्षण कचेरीत कॅप्टन थ्युलियर याच्या देखरेखीखाली शिळाछापावर छापली गेली. या घटनेच्या शताब्दीला, १ ऑक्टोबर १९५४ रोजी, भारताने चार तिकिटे काढली. त्यांत एका तिकिटावर १८५४ ची टपालवाहतूक आणि एका तिकिटावर १९५४ ची टपालवाहतूक आहे, तर उरलेल्या दोहोंवर कबूतर आणि विमान आहे. नाशिकच्या मुद्रणालयाचे हे काम पाहण्यासारखे आहे आणि संच अजूनही परवडतो.

सरहद्दीच्या प्रश्नाला उत्तर देणारा मनुष्य म्हणजे जर्मनीचा हाइनरिख फॉन श्टेफान. त्यापूर्वी परदेशी जाणाऱ्या पत्रासाठी देशादेशांमध्ये वेगवेगळे करार असत आणि वाटेतल्या प्रत्येक देशाचा वाटा शुल्कात मोजावा लागे. श्टेफानच्या पुढाकाराने स्वित्झर्लंडमधील बर्न येथे ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बावीस देशांनी करार केला की, टपालापुरता सगळ्यांचा मिळून एकच मुलूख मानायचा आणि ज्या देशाने तिकिटाचे पैसे घेतले त्याने ते स्वतःकडेच ठेवायचे. या करारातून जागतिक टपाल संघ उभा राहिला; हिंदुस्थान १८७६ मध्ये त्यात आला. त्या कराराची तारीख आज जागतिक टपाल दिन म्हणून पाळली जाते. १९६९ मध्ये संघाच्या टोकियोच्या अधिवेशनात ही सूचना मांडणारे आनंद मोहन नरुला हे भारताचे प्रतिनिधी होते, हे तुमच्या पानावर अवश्य लिहा. तिकिटे निवडताना मला १९२४ चा जर्मन संच सर्वांत बोलका वाटतो. १९२३ च्या नोव्हेंबरात जर्मनीत चलन इतके कोसळले होते की तिकिटावर पन्नास अब्ज मार्कांचा आकडा छापावा लागला. पुढच्याच वर्षी, नवे चलन स्थिरावल्यावर, संघाच्या पन्नाशीनिमित्त श्टेफानचे चित्र १०, २०, ६० आणि ८० फेनिगांच्या तिकिटांवर आले. १९२३ चे एखादे अब्जावधींचे तिकीट काही रुपयांत मिळते. ते शेजारी लावले की टपाल दर आणि देशाची अवस्था यांचा संबंध मुलीला एका दृष्टिक्षेपात कळेल. आपल्याकडची १९४९ आणि १९७४ ची टपाल संघाची तिकिटेही याच पानावर बसतात.

बेंजामिन फ्रँकलिनला विसरू नका. अमेरिकेच्या टपाल खात्याने १ जुलै १८४७ रोजी पहिली दोन तिकिटे काढली तेव्हा दहा सेंटांवर वॉशिंग्टन होता आणि पाच सेंटांवर फ्रँकलिन, कारण १७७५ मध्ये नेमलेला पहिला पोस्टमास्तर जनरल तोच. ते मूळ तिकीट महागडे आहे, पण पुढे अनेक दशके अमेरिकेच्या सर्वांत हलक्या दराच्या तिकिटांवर त्याचेच चित्र राहिले, आणि १९३८ च्या मालिकेतील अर्ध्या सेंटाचे तिकीट तर जवळपास फुकट मिळते. ज्यांना जुन्या युरोपात रस असेल त्यांनी बेल्जियमने १९५२ मध्ये ब्रुसेल्सच्या टपाल अधिवेशनासाठी काढलेला टाक्सिस घराण्याचा संच पाहावा; पंधराव्या शतकाच्या अखेरीस घोडेस्वारांच्या टप्प्यांनी सम्राटाचे टपाल नेण्याचा मक्ता या घराण्याकडे आला होता. तो संच बराच महाग आहे, एखादे तिकीट पुरे.

एक सावधगिरी मात्र सर्वत्र बाळगा. स्मारक तिकीट म्हणजे इतिहासाचा पुरावा नव्हे, ते त्या सरकारचे म्हणणे असते. युगोस्लाव्हियाने १९४८ मध्ये लोव्रेंत्स कोशिर या स्लोव्हेनियन कारकुनावर तिकीट काढले, कारण त्याने हिलच्या आधी, १८३५ च्या सुमारास, ऑस्ट्रियन सरकारला तिकिटासारखी कल्पना सुचवली होती असा तेथील लोकांचा दावा आहे. स्कॉटलंडमधील डंडीच्या जेम्स चामर्सचे वंशजही असाच दावा दीर्घकाळ करत राहिले. कल्पना अनेकांना सुचली असणे शक्य आहे; ती हिशेबाने पटवून अमलात आणणारा हिल होता, असे मला वाटते. कोशिरचे तिकीट हिलच्या समोरच्या पानावर लावा आणि वाद दोन ओळींत लिहून ठेवा. असे पान पाहणारा थांबून वाचतो.

आता ज्या पानासाठी मी तुम्हाला आग्रह करणार आहे त्याविषयी. आतापर्यंतची सगळी नावे अधिकाऱ्यांची आणि सुधारकांची झाली. पत्र मात्र वाहून नेले ते ज्यांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत त्यांनी. मराठेशाहीतले जासूद असोत की इंग्रजी अमलातले डाकवाले, पाठीवर थैली, हातात घुंगरू लावलेली काठी आणि पुढच्या टप्प्यावर वाट पाहणारा जोडीदार हीच शेकडो वर्षे आपल्या टपालाची रीत होती. १९३७ मध्ये सहाव्या जॉर्जच्या काळात नाशिकला छापलेल्या मालिकेत या माणसाला तिकिटावर जागा मिळाली. दोन आण्यांवर पळणारा हरकारा, अडीच आण्यांवर टपालाची बैलगाडी, तीन आण्यांवर टांगा, साडेतीन आण्यांवर उंट, मग चार आण्यांवर आगगाडी, सहावर आगबोट, आठवर मोटारगाडी आणि बारा आण्यांवर विमान असा तो क्रम आहे. बाजूला राजाचा मुखवटा असला तरी चित्राचा मध्य हरकाऱ्याने व्यापला आहे. शास्त्रापुरते बोलायचे तर ही स्मारक तिकिटे नव्हेत, नित्य वापराची आहेत, आणि काटेकोर संग्राहक तुम्हाला तसे सांगतीलही. त्यांचे ऐकून घ्या आणि तरीही हे पान करा. तुमचे वडील ज्या खात्यात नोकरीला होते ते खाते या माणसांच्या पायांवर उभे राहिलेले आहे. पूर्ण मालिका एकदम घेण्याची गरज नाही. आरंभीची वापरलेली चार तिकिटे थोड्या पैशांत मिळतील.

विमानाच्या पानावर आंरी पेके या तेवीस वर्षांच्या फ्रेंच वैमानिकाला जागा द्या. १८ फेब्रुवारी १९११ रोजी त्याने अलाहाबादच्या प्रदर्शनातून सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत दहाएक किलोमीटरचे उड्डाण केले आणि जगातील पहिली अधिकृत विमान टपालफेरी आपल्या देशात झाली. तिच्या पन्नाशीला, १९६१ मध्ये, भारताने तीन तिकिटे काढली. ती सहज मिळतात.

शेवटचे पान तुमच्या घरातूनच तयार होईल. पत्ता कसा वाचायचा या प्रश्नाला आपल्या देशात उत्तर दिले ते श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. संस्कृतचे पंडित, कवी, आणि टपाल व तार मंडळावरील वरिष्ठ अधिकारी. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते आणि दुसऱ्या प्रांतातली लिपी न येणारा वर्गवारीचा कारकून, या अडचणीवर त्यांनी आखलेला सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. सांगलीचा ४१६४१६ आणि वेंगुर्ल्याचा ४१६५१६ शेजारी लिहून मुलीला दाखवा. ती पुढचे स्वतः उलगडेल. १९७३ मध्ये दिल्लीला भरलेल्या ‘इंडिपेक्स’ या जागतिक तिकीट प्रदर्शनाचे अध्यक्षही वेलणकरच होते आणि त्या प्रदर्शनानिमित्त भारताने तिकिटे काढली होती, तेव्हा ती तिकिटे या पानावर हक्काने बसतात. पण या पानाचा खरा ऐवज वडिलांची पाकिटे. ती तारखेप्रमाणे लावा आणि १९७२ च्या ऑगस्टच्या अलीकडची आणि पलीकडची पाकिटे वेगळी काढा. पत्त्याखाली पिनकोड पहिल्यांदा केव्हा दिसतो, तो लिहिणाऱ्याच्या हातचा आहे की कारकुनाने मागाहून घातला आहे, कोणत्या गावच्या लोकांनी तो लवकर स्वीकारला आणि कोण वर्षानुवर्षे नुसते ‘मु. पो.’ लिहीत राहिले, हे सारे तुम्हाला तुमच्याच घरच्या पत्रांतून शोधता येईल. असे साहित्य कोणत्याही विक्रेत्याच्या तयार संचात मिळत नाही.

खरेदीविषयी थोडक्यात सांगतो. नव्या भारतीय तिकिटांसाठी टपाल खात्याच्या फिलाटेली ब्यूरोत ठेव खाते उघडता येते. नव्या स्मारक तिकिटांचा, प्रथम दिवस आवरणाचा (तिकीट निघाले त्याच दिवसाचा शिक्का मारलेल्या पाकिटाचा) आणि माहितीपत्रकाचा पुरवठा त्यातून घरपोच होतो. माहितीपत्रके फेकू नका, मुलीसाठी ती पाठ्यपुस्तकाचे काम करतील. जुनी तिकिटे घेताना आधी यादी, मग खरेदी हा नियम पाळा. मुलीसाठी ‘दीनदयाळ स्पर्श’ ही टपाल खात्याची शिष्यवृत्ती आहे. सहावी ते नववीच्या, तिकीटसंग्रहाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांना वर्षाला ६,००० रुपये मिळतात. त्यासाठी प्रश्नमंजूषा आणि प्रकल्प करावा लागतो, आणि पिनकोडाचे पान हा तयार प्रकल्पच आहे. यंदाच्या अटी आणि तारखा तुमच्या मुख्य टपाल कार्यालयात विचारून घ्या.

जतनाचे म्हणाल तर सांगलीकरांना कृष्णेच्या पाण्याविषयी मी सांगायला नको. २०१९ च्या पुराची आठवण ठेवून खोके तळमजल्यावरच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. माळ्यावरही नको, कारण पत्र्याखालच्या उष्णतेने कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. वरच्या खोलीतले, भिंतीपासून थोडे सुटे असलेले कपाट उत्तम. पावसाळ्यात मागचा डिंक ओलावा धरतो आणि तिकिटे एकमेकांना चिकटतात, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पंधरवड्याला त्या बदला. तिकिटे बोटांनी उचलू नका, बोथट टोकांचा चिमटा वापरा. कोऱ्या तिकिटांना हिंज (मागे चिकटवायची डिंकाची कागदी पट्टी) लावू नका, त्यांच्यासाठी पारदर्शक माउंट (तिकीट सरकवायचे खिसे) असतात. वापरलेल्यांना हिंज चालेल. सेलोटेप आणि लॅमिनेशन कोणत्याही परिस्थितीत नको. बाजारातील स्वस्त, वास येणारे प्लास्टिकचे अल्बमही टाळा, त्यांतील रसायने कागदाला डागाळतात.

पाकिटांसाठी आम्लमुक्त कागदाचे कोपरे मिळतात. कागदी पानावर चार कोपरे चिकटवून त्यांत पाकीट सरकवले की पाकिटाला डिंकाचा थेंबही लागत नाही आणि मागचा शिक्का पाहायचा झाला तर ते काढता येते. पत्र आत असेल तर ते वेगळे काढू नका. पत्रातील मजकूर घरचा असल्याने प्रदर्शनात मांडायचा की नाही, हे तुम्ही ठरवाल. पानाखाली मात्र इतके नक्की लिहा की पत्र कोठून निघाले, कोणत्या तारखेला पोचले, मध्ये किती दिवस गेले, आणि त्या वेळी तुमचे वडील कोणत्या कार्यालयात कामाला होते. शेवटची माहिती आजही आईकडून किंवा त्यांच्या सहकाऱ्यांकडून मिळू शकेल. तिकिटांची यादी करायला घेण्यापूर्वी या आठवड्यात तेवढे विचारून वहीत उतरवून घ्या.